केकवरचे निखारे

काल लेकीच्या ओव्हनमधून केक करपल्याचा वास आला आणि मी थेट मसुऱ्याच्या आमच्या घरी पोचले. माझा दहावा वाढदिवस होता. आईने चुलीवर वाळू तापवून त्यात केकचं पातेलं ठेवलं होतं आणि झाकणावर निखारे. इतक्यात दारासमोर एक टॅक्सी बंद पडली. आत कळा आलेली बाई आणि तिची सासू. आईने दोघींना घरात घेतलं आणि जाता जाता बाबांना म्हणाली, "केकार लक्ष ठेवा हां!"

पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारे माझे मास्तर बाबा चिमटा घेऊन चुलीपुढे बसले. आतून किंकाळी आली, की ते घाबरून झाकणावर आणखी एक निखारा ठेवत. शेवटी बाळ रडलं. आई घामाघूम होऊन मुलगी झाल्याचं सांगायला बाहेर आली.

"चेडू झाला. दोघांय बरी आसत. केक झालो?"

बाबांनी झाकण उचललं. आत काळाकुट्ट कोळसा.

"झालो," ते म्हणाले.

आई मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायलाच लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाचं बाळंतपण केलं होतं, हे मला तेव्हा कुठे कळत होतं! मी तिच्या गळ्यात हात टाकून म्हटलं, "आये, रडू नको गो. माका करपलेलोच आवाडता."