पुलावरची तुकडी

त्या रविवारी माझी नेहमीची जोडीदार तापाने आडवी झाली, आणि नियमानुसार सामना पुढे ढकलता येत नव्हता. युद्धनीतीच्या त्या संगणकीय खेळात जोडीने उतरावे लागते: एक ब्रिगेडचा प्रमुख, दुसरा त्याच्या हाताखालच्या बटालियनचा. हा सामना जिंकला की देशपातळीच्या फेरीत जागा. ती जागा मला दोन वर्षांपासून हवी होती. घरात हा खेळ येणारे दुसरे माणूस एकच, बाबा. सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून ते माझ्या शेजारी बसून तो शिकले होते.

नकाशावर नदी, तिच्यावर एक पूल, अलीकडे उघडे शेत आणि शेतामागे टेकडी. माझी योजना साधी होती. बाबांच्या तीन तुकड्यांपैकी एक पुलाशी ठेवायची, दोन टेकडीवरच्या झाडीत दडवायच्या. शत्रू पूल ओलांडू लागला की पहिलीने थोडा वेळ झुंजून टेकडीवर परतायचे. तिचा पाठलाग करणारा शत्रू उघड्या शेतात तिघींच्या माऱ्यात सापडेल. माघारीला लागणारा वेळसुद्धा मी जमिनीचा चढ धरून काढला होता.

खेळताना जोडीदारांनी एकमेकांशी बोलायचे नाही, आज्ञा फक्त लिहून पाठवायच्या. म्हणून मी माझ्या खोलीत आणि बाबा हॉलमध्ये.

"एका घरात राहून चिठ्ठ्या पाठवताय," आई दारातून म्हणाली. "हाक मार की त्यांना."

"नियम आहे, आई."

"मग भाजी कुठली करू तेही लिहूनच विचारू?"

शत्रूची पहिली वाहने पुलावर आली. मी लिहिले: पुलावरची तुकडी मागे घ्या. ती हलली नाही. तीच आज्ञा पुन्हा पाठवली. उत्तर आले: "रिलीव्हर कोण?"

मला वाटले, बाबा थट्टा करताहेत. "कोणी नाही. लगेच निघा," मी लिहिले. भिंतीपलीकडे त्यांची खुर्ची करकरली, आणि पडद्यावर टेकडीवरची एक तुकडी झाडीतून बाहेर पडून उघड्या शेतातून पुलाकडे निघाली. पहिलीची जागा घ्यायला कोणी रिलीव्हर नाही म्हटल्यावर बाबांनी स्वतःच एक नेमला होता. मी थांबा, थांबा असे लिहीत राहिले. पण या खेळात आज्ञा पोहोचायलाही वेळ लागतो. शत्रूच्या तोफांनी ती तुकडी अर्ध्या वाटेत गाठली. पुलावरची तुकडी जागेवरच वेढली गेली. टेकडीवर उरलेली एकटी तुकडी फार काळ टिकली नाही.

पराभवाची पाटी झळकल्यावर मी हॉलमध्ये गेले. बाबांनी चष्मा काढून ठेवला होता.

"मी तीनदा लिहिलं, बाबा. मागे घ्या म्हणून."

"वाचलं. पण जागेवर दुसरा माणूस उभा नसताना पहिल्याला सोडायचं कसं? दुसऱ्या पाळीचा माणूस आल्याशिवाय मी एकालाही मशीन सोडू दिलेलं नाही."

"पूल म्हणजे मशीन नाही ना. तो पूल सोडायचाच होता."

"मग तसं लिहायचंस. सोडायचा आहे, परत घ्यायचा नाही, असं."

मी माझ्या आज्ञा काढून पाहिल्या. वेळ होती, अंतर होते, चढाचे गणित होते. पूल गमावणे हाच बेत आहे, हे एकाही ओळीत नव्हते. इतकी उघड गोष्ट लिहावी लागते, हेच मला सुचले नव्हते. आणि तरीही, सरळ आज्ञा आली असताना माणसाने तुकडी हलवू नये, हे मला आजही पटत नाही. माझ्या नेहमीच्या जोडीदाराला मी कधी कारण लिहिले नव्हते. तिने कधी विचारलेही नव्हते.

"म्हणजे आता पुढची फेरी नाही?" बाबांनी विचारले.

"नाही. आता थेट पुढच्या वर्षी."

त्यांनी लॅपटॉप मिटला, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "पुढच्या वर्षी तुझ्या मैत्रिणीलाच घे. किंवा दुसरं कोणी बघ. मला हे जमायचं नाही."

मीही मनात तेच ठरवून बाहेर आले होते. दिवसभरात आमचे एकमत झाले ते एवढ्या एकाच मुद्द्यावर, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच आला.