चौथ्या गियरमधले नाना

“गाडीत दमच नही, पोरी!” नानांनी किल्ली माझ्या टेबलावर आपटली. “चढावर बैलगाडी पुढे जाते. अन् पेट्रोल पिते जीपसारखं. तिसऱ्यांदा आलो मी!”

नाना रावेरचे केळी बागायतदार. सत्तरीला टेकलेले, आवाज खणखणीत. गाडी लहान, आठशे सीसीची, पेट्रोलवर चालणारी. मी तेव्हा धुळ्याहून डिप्लोमा करून जळगावच्या एका सर्व्हिस सेंटरला नवीनच लागले होते, सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, जॉब कार्डवर लिहायची, गाडी मेकॅनिककडे पाठवायची, हे माझं काम. आधीच्या दोन्ही खेपांना नानांची गाडी आमचे जुने मेकॅनिक रशीदचाचा यांनी पाहिली होती. एकदा प्लग बदलले, एकदा एअर फिल्टर. तरी लिटरला चौदा किलोमीटरच्या वर गाडी सरकत नव्हती.

मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“एकच तक्रार तिसऱ्यांदा आली की वरून मेल येतो. उद्या संध्याकाळपर्यंत गाडी सुधारली नाही, तर चाचांना कामावरून काढतो. वय झालं त्यांचं. स्कॅनर कळत नाही त्यांना.”

“सर, स्कॅनर लावून पाहिला, गाडीत एकही फॉल्ट दाखवत नाही.”

“मग नानांना सांग, छोटं इंजिन आहे, असंच चालणार. एक्स्चेंजमध्ये मोठी घ्या.”

मी भडकले. एका वाक्यात त्यांनी चांगली गाडी बाद केली होती आणि चांगला माणूसही.

“हे लिहून द्या, सर. छोटं इंजिन कमजोर असतं, खाली तुमची सही. मी नानांना दाखवते.”

साहेबांनी पुढची फाइल ओढली. “उद्या संध्याकाळ,” एवढंच म्हणाले.

चाचा वर्कशॉपच्या शेवटच्या बेमध्ये, गाडी दुरुस्तीच्या खणात, होते. आजही डोळे मिटले की ते मला तसेच दिसतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर, लाकडी मूठ कानाला, आणि चेहरा एखाद्याचं दुखणं ऐकून घेत असल्यासारखा. शेजारी कपभर काळा चहा गार होत असायचा. ते वर्कशॉप तेव्हा पेट्रोल, ग्रीस आणि त्या चहाच्या वासाचं होतं.

मी सगळं सांगितलं. चाचांनी चिंधीला हात पुसले.

“गाडी ठीक आहे, बेटा. पहिल्या दिवसापासून ठीक आहे. नाना ती चौथ्या गियरमध्ये चालवतात. गल्लीत चौथा, चढावर चौथा.”

“तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मला स्टेअरिंग धरायला त्यांनी शिकवलं. माझे वडील त्यांच्या मळ्यात कामाला होते. नानांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं, म्हणून आज मी मिस्त्री आहे. उस्तादाला सांगू, तुम्हाला गाडी चालवता येत नाही?”

“नोकरी जाईल, चाचा!”

“गेली तर गेली.”

मला त्यांचा राग आला. नंतर, बऱ्याच काळाने, तो उतरला.

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. ट्रॅक्टरचं किंवा जुन्या जीपचं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर देतं. त्यामुळे वरचा गियर लवकर टाकला तरी ते ओढतं, डिझेलही वाचतं. नानांची सगळी हयात तशा इंजिनांवर गेली. छोट्या पेट्रोल इंजिनाची ताकद मात्र वरच्या फेऱ्यांवर असते. त्याला फिरू द्यावं लागतं. ते हळू फिरत असताना चौथा टाकला की गाडी थरथरते, पुढे सरकत नाही. मग माणूस ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं, मालकाला पूर्ण ताकद हवी आहे. तो जास्तीचं पेट्रोल सोडतो. ताकद मिळत नाही आणि पेट्रोल जातं. नाना ज्या सवयीने पेट्रोल वाचवत होते, तीच सवय पेट्रोल पीत होती.

“तोंडाने सांगू नका,” मी चाचांना म्हणाले. “चालवून दाखवा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. सकाळी नाना चालवणार, दुपारी चाचा. दोन्ही वेळा जळगावहून पाचोऱ्याला जाऊन परत. नियम चाचांचे. निघताना आणि परतल्यावर टाकी एकाच पंपावर, गाडी एकाच जागी उभी करून, नोझल आपोआप बंद होईपर्यंतच भरायची. माणसं तीच, एसी बंद. “जायचंही आणि यायचंही,” चाचा म्हणाले. “एकाच बाजूने गेलं तर वाऱ्याचा हिशेब चुकतो.”

सकाळी प्रत्येक गतिरोधकावर गाडी दम्याच्या माणसासारखी धापा टाकत होती. नानांचा पाय तळाला. “पाह्य! हाये का दम?” मागच्या सीटवर चाचा खिडकीबाहेर बघत होते. पंपावर आकडा आला, चौदा.

दुपारी चाचांनी स्टेअरिंग धरलं. पहिल्याच गतिरोधकावर त्यांनी दुसरा टाकला आणि इंजिनाला गाऊ दिलं.

“अरे बोंबलतंय ते! वरचा टाक!” नाना ओरडले.

चाचांनी टाकला, पण वेग आल्यावर. पुढे उसाचा एक ट्रक रेंगाळत होता. चाचांनी तिसरा टाकला, इंजिन गरजलं, आणि ती एवढीशी गाडी ट्रकला सहज मागे टाकून गेली. नानांनी मान वळवून मागे पडलेल्या ट्रककडे पाहिलं.

“रशीद,” मग ते म्हणाले, “मी तुले काय शिकवलं होतं?”

“इंजिनाचा आवाज ऐकून गियर टाकायचा, नाना.”

“मग?”

“ट्रॅक्टरचा आवाज वेगळा होता.”

नानांनी काचेतून बाहेर पाहिलं. कपाशीची शेतं मागे जात होती. “दोनदा आलो तुह्याकडे,” ते हळू म्हणाले. “दोन्ही वेळा गप्प बसला. गाढवा.”

चाचा हसले. पंपावर आकडा आला, जवळजवळ एकोणीस.

संध्याकाळी नाना सरळ केबिनमध्ये शिरले. “गाडीले काही झालं नही. माह्या पायाले झालं होतं. कुठी सही करू?”

साहेब गोंधळले. “पण नाना, काम काय केलं ते लिहावं लागतं.”

“लिहा ना. रशीदने मालकाची सर्व्हिसिंग केली.”

चाचांची नोकरी राहिली. दोन वर्षांनी ते मानाने निवृत्त झाले, रावेरला गेले. त्यांच्या जागेवर आता स्कॅनरचा मोठा स्क्रीन आहे. तो खूप काही सांगतो, पण मला त्या लाकडी मुठीची आठवण येते.

‘छोट्या इंजिनात दम नाही’ असं शोरूममध्ये कुणी म्हणालं की मी अजूनही भांडते. इंजिन लहान असणं हा दोष नाही, ते मोठ्यासारखं चालवणं हा आहे. आणि मायलेजची तक्रार आली की मी बॉनेट उघडत नाही. आधी गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून एक चक्कर मारते आणि त्याच्या पायांकडे बघते.