दोन सारखे प्रोग्राम

सरांनी दोन प्रिंट एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. एक माझी, एक ऋचाची. दोन ॲरे, म्हणजे आकड्यांच्या दोन रांगा, सारखे आहेत का, ते तपासणारा सी भाषेतला प्रोग्राम. वरचं नाव सोडलं तर ओळ न् ओळ जुळली. एका ठिकाणी चुकून जास्त पडलेली मोकळी जागासुद्धा.

सरांनी माझ्याकडे बघितलं. फक्त माझ्याकडे.

"वांगी विकता विकता सी शिकलीस का गं?"

लॅब हसली. दर्यापूरकडे आमचा भाजीचा मळा आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. पहिल्या तासाला त्यांनी सगळ्यांना वडिलांचं काम विचारलं होतं. कोणीतरी विचारलं, याचं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

"सर, तो प्रोग्राम म्या लिवला."

"म्या लिवला," सर माझ्याच सुरात म्हणाले. पुन्हा हसू.

मी ऋचाकडे पाहिलं. ती बोलेल, असं वाटलं. अमरावतीत आल्यापासून ती माझी एकच मैत्रीण. वडील वकील, आई प्राध्यापक. माझा प्रवेश उशिराचा, कॉम्प्युटरवर माझं लॉगिन सुरूच झालं नव्हतं. म्हणून तिच्या लॉगिनवर, तिच्या शेजारी बसून मी प्रोग्राम लिहायचे. एकाच फाइलमधून दोघींच्या प्रिंट निघायच्या, वरचं नाव तेवढं बदलायचं. ती मला डब्यातलं द्यायची, मी तिला समजावून सांगायचे.

हाही तसाच. तिनं दोन ॲरेंच्या नावांमध्ये नुसतं ==, म्हणजे 'सारखे का' विचारणारं चिन्ह, टाकलं होतं. आत तेच आकडे, तरी उत्तर 'सारखे नाहीत'. मी म्हटलं, "असं नाही जमत व. तो दोघाइची मेमरीतली जागा पायते, आतले आकडे नाही पायत. आधी लांबी जुळव, मंग एकेक आकडा समोरासमोर लाव. फरक दिसला का थांब." तिनं टाळी दिली होती. "तुझ्याशिवाय माझं कसं होणार गं?"

आता ती म्हणाली, "सर, मी तिला फक्त बघायला दिला होता."

मी सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, दोघीले इचारा ना. == कावून चालत नाही, ते. जिले सांगता येते, तिचा प्रोग्राम."

"मला शिकवू नकोस. सॉरी म्हण, सही देतो."

सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत. ऋचानं डोळ्यांनी खुणावलं, म्हणून टाक. सॉरी मला जड नव्हतं. हॉस्टेलवर, ऑफिसच्या खिडकीवर, चूक नसतानाही मी म्हणत आले होते. शब्द ओठांपर्यंत आलाही. मग वाटलं, म्हटलं तर तो प्रोग्राम खरंच तिचा होईल. माझ्याच तोंडानं.

"नाही म्हणत, सर."

त्यांनी माझी प्रिंट परत सरकवली. ऋचाच्या प्रिंटवर सही केली.

दोन ॲरे सारखे आहेत, एवढंच तो प्रोग्राम सांगतो. कोणी कोणाचं उतरवलं, ते सांगत नाही. ते सरांनी आमच्या वडिलांच्या कामांवरून ठरवलं. माझ्या बोलण्यावरून ठरवलं.

जिन्यात ऋचानं माझा हात धरला. "रागावू नकोस ना. माझ्या घरी कळलं असतं तर केवढा तमाशा झाला असता. तुझ्या घरी कोणाला काय कळणार आहे?"

ती वाईट मनानं बोलली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं. माझं घर मोजण्यातलं नाही, डबा पुढे करतानाही तिच्या मनात हेच होतं.

"मले कळते," मी म्हटलं. हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून राहिले. लॉगिन सुरू झाल्याशिवाय उठले नाही. तो प्रोग्राम पुन्हा लिहिला, माझ्या नावानं. आता दर प्रॅक्टिकलला तो घेऊन सरांसमोर उभी राहते. म्हणते, "इचारा, सर." ते विचारत नाहीत. सहीही करत नाहीत.

परीक्षा जवळ आली आहे. या वर्षी बसू दिलं नाही, तर पुढच्या वर्षी बसेन. सॉरी म्हणून बसणार नाही.