नानांची चिमूटभर फक्की

नाना कुणालाही प्रश्न विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा हा चाळिशीचा माणूस नगरच्या आमच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान होता. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न : "संघात पोरं खेळवावी का जुनी मानसं?" टांगेवाल्याला विचारून झालं. न्हाव्याला तर अर्धी दाढी झालेली असताना विचारलं. तो म्हणाला, "आधी मान हलवू नगा, नाना!"

मलाही विचारलं. मी बैलबाजाराच्या काष्टी गावचा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

"आमच्या बाजारात म्हातारा बैल कुनी इकत घेतंय व्हय, नाना?"

नाना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं म्हणाले, "पन नव्या खोंडाला शिकवताना जुंपता कुनासंगं रं?"

"जुन्या बैलासंगं."

"हां," म्हणाले आणि विचार करत निघून गेले.

मैदान मातीचं. रोज संध्याकाळी नाना स्वतः वाकून चुन्याच्या फक्कीने रेघा आखायचे. आखून झालं की उरलेली चिमूट हवेत सोडायचे आणि टक लावून बघत राहायचे. आम्ही पोरं त्याला नानांचा अंगारा म्हणायचो. "आज कुनाची दृष्ट काढताय, नाना?" असं विचारलं की तेही हसायचे.

वर्षातून एकदा छावणीतल्या पलटणीशी सामना असे. बारा वर्षं नाना त्यांच्याकडून हरत आले होते. गुडघा सुजू लागला होता. ही शेवटची संधी, हे त्यांना ठाऊक होतं. पाचांत एकच जागा उरली होती, त्यांना किंवा मला. नानांनी चार नावं वाचली, पाचवं माझं वाचलं आणि कडेच्या दगडी रुळावर जाऊन बसले.

ज्या कोपऱ्यातून माझा नेम कधी चुकत नसे, तिथून सामन्यात तीनदा चुकला. चेंडू हातातून नीट सुटायचा आणि कडीच्या डावीकडून जायचा. बाहेरून सांगायची मुभा नव्हती. मी गोंधळून नानांकडे पाहिलं. त्यांनी मूठ पुढे केली आणि चिमूटभर फक्की सोडली. ती तिरपी डावीकडे उडाली.

पुढचा चेंडू मी वीतभर उजवीकडे नेम धरून टाकला. आत! त्यानंतर आणखी दोन. तरी एका बास्केटने हरलो.

"नाना, तुमीच खेळायला पायजे हुतं," मी म्हणालो. "जिंकलो असतो."

"आसंल. पन मग तुला वारं कवा कळलं असतं?" गुडघा चोळत ते थांबले. "का आधीच सांगायला पायजे हुतं मी? तुला काय वाटतं?"

जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला 'फक्की कशाला उडवता' एवढं आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नाना देवळाली प्रवरेला भावाकडे राहायला गेले. ते खेळले असते तर जिंकलो असतो का, हे मला अजून सांगता येत नाही.

आता शाळेत मी संघ निवडतो. रेघा आखून झाल्या की चिमूट सोडतो. पोरं हसतात. परवा एक जण हसायचा थांबला आणि म्हणाला, "सर, हे कशासाठी?"

त्याला संघात घेतलं.