पहिली टोपली विकायची नाही: पवनीपलीकडच्या शिंगाड्यांच्या बोडीवर

या सहलीला मी निघाले ती खामल्याच्या काकूंमुळे. मी नागपुरात घरून उपवासाची पिठं विकते. राजगिरा, भगर आणि मुख्य म्हणजे शिंगाडा. काकू माझ्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात खवट गिऱ्हाईक. दिवाळीनंतर मोबाइलवर त्यांचा आवाजी निरोप आला, "तुझं शिंगाड्याचं पीठ पानचट होतं. मार्गशीर्षाचे गुरुवार येतायत. पुन्हा असंच निघालं तर मी आणि माझी अख्खी भिशी मॉलमधून घेऊ." काकूंची भिशी म्हणजे माझा निम्मा धंदा. तो निरोप मी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा तितकाच झोंबला.

व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यात काय असतं ते आपल्याला कळत नाही, म्हणून शिंगाडा जिथे पिकतो तिथूनच आणायचा असं ठरवलं. त्यातच नुकतीच मी छोट्या उद्योजकांसाठीची एक कार्यशाळा केली होती. तिथल्या मॅडमनी बजावलं होतं, "माल नका विकू, गोष्ट विका. चेहरा दाखवा." गोष्टही आणू म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या शोभाताईंची मावसबहीण कौसल्याबाई लाखांदूरकडे बोडीत शिंगाडे लावते. बोडी म्हणजे तिकडचं छोटं तळं. फोन झाला, तारीख ठरली. बॅगेत ट्रायपॉड, रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा आणि फोटोत उठून दिसेल अशी पिवळी साडी भरली.

नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे पवनीला एसटी जाते. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास अगदी स्वस्तात होतो. डाव्या खिडकीला बसू नका, सकाळचं ऊन थेट डोळ्यात येतं. भिवापूर सोडलं की दोन्ही बाजूंना धान सुरू होतं. कापणी चालू होती. कापलेल्या धानाचा वास बसमध्ये शिरला आणि मागच्या बाकावरची दोन माणसं धानाच्या भावावरून भांडायची थांबली. त्यातला एक म्हणाला, "वास तं मस्त येऊन राहिला बे," आणि मग पुन्हा भांडायला लागले.

पवनीत स्टँडजवळच्या साध्या लॉजमध्ये सामान टाकलं आणि संध्याकाळी घाटावर गेले. या गावाखाली प्राचीन स्तूपांचे अवशेष निघाले आहेत, हे शाळेत कधीतरी वाचलेलं. पण पायऱ्या उतरून वैनगंगेसमोर उभं राहिल्यावर इतिहास बाजूलाच राहिला. एवढं पाणी, आणि आवाज नाही. मी फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला आणि तसाच परत पर्समध्ये ठेवला. बराच वेळ नुसती बसून राहिले. रात्री खानावळीत भात आणि नदीच्या माशांचा रस्सा खाल्ला. रस्सा तिखट आहे, ताक मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लाखांदूर बसने नदी ओलांडली आणि एका फाट्यावर उतरले. कौसल्याबाई घ्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, भरभर चालणाऱ्या. माझ्या पिवळ्या साडीकडे बघून म्हणाल्या, "बोडीवर येऊन राहिली का लग्नाले?"

बोडी दिसली आणि मी थबकले. पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत शिंगाड्याची पानं पसरली होती, हिरवी, मधूनच तांबूस, आणि त्यांच्यावर धुकं. त्या धुक्यात अरुंद डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, हलत होते. कौसल्याबाईंचे नवरे रामदासभाऊ डोंग्याच्या टोकावर उकिडवे बसून एकेक वेल उलटवत होते, खालचे शिंगाडे तोडत होते आणि वेल परत पाण्यावर तसाच पसरत होते, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसं. एक लांब बोटांचा पक्षी त्या पानांवरून चालत गेला आणि एकही पान बुडलं नाही. आपण उपवासाला जे पीठ चमच्याने मोजतो, ते इथून येतं. (डोंग्यात उभं राहायचा मोह आवरा. मी आवरला नाही, पण ते इथे लिहीत नाही.)

पहिली टोपली काठावर आली. मी लगबगीने ट्रायपॉड लावला आणि म्हटलं, "ताई, टोपली डोक्यावर घ्या आणि हसा."

"थांब न वो. ही टोपली विकाची नाही, वाटाची हाये. दर तोडीची पहिली टोपली गावाची." तोड म्हणजे एका वेळची तोडणी.

काठावर तीन दगडांची चूल पेटली. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिंगाडे उकडायला टाकले. तोवर गावातली माणसं येऊन बसायला लागली. जो येईल त्याला मूठभर मिळणार आणि त्याने खाऊन चव सगळ्यांसमोर सांगायची, एवढाच नियम. कॅमेरा चालूच होता. मला मनातून वाटलं, वा, गिऱ्हाइकांच्या प्रतिक्रिया आयत्याच मिळाल्या.

एका म्हाताऱ्या आजोबांनी सोलून पहिला खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाले, "गोडी नाही बाप्पा."

शेजारची बाई म्हणाली, "पानी पानी लागून राहिलं. मागची तोड बरी होती."

तिसऱ्यानेही तेच सांगितलं. मी एक तोंडात टाकला. खरंच पानचट. काकूंचा निरोप आठवला. मार्गशीर्षासाठी याच तोडीचा माल मी सांगून ठेवला होता, आणि इथे तर अख्खं गाव कॅमेऱ्यासमोर त्याला नावं ठेवत होतं.

"ताई, हे असं चारचौघांत? बाजारात कळलं तर?" मी हळूच विचारलं.

"कळलं तर काय? बाजारात सांगाले तं मीच जाऊन राहिलो." या भागात बायकाही बोलताना 'जाऊन राहिलो'च म्हणतात. "पानी लय पडलं यंदा, म्हणून ही तोड अशी. पुढची गोड येईन."

दुपारी त्यांच्याबरोबर आठवडी बाजारात गेले. पलीकडच्या ओळीत एक शिंगाडेवाला ओरडत होता, "साखर घ्या, साखर!" कौसल्याबाई पोतं पसरून बसल्या आणि येईल त्याला शांतपणे सांगू लागल्या, "ही तोड पानचट हाये. मीठ-मिरची लावून खा, भाजीत टाका. गोड पायजे तं पुढच्या तोडीले या." मी डोक्याला हात लावला. पण ढीग उतरत होता. साखरवाल्याच्या पुढे माणसं थांबत होती, चाखत होती, घासाघीस करत होती. इथे कुणी चाखतसुद्धा नव्हतं. एका बाईला मी विचारलं, "पानचट सांगतायत तरी घेता काहून?"

ती पिशवी सावरत म्हणाली, "कौसल्या पानचट म्हणते तं पानचट. मंग ते गोड म्हणते तवा गोडच असते ना."

त्या बाजाराच्या धुळीत मी उभी राहून बघत राहिले. ब्रँड ब्रँड म्हणून आम्ही कार्यशाळेत जे फळ्यावर रंगवत होतो, ते इथे पोत्यावर बसलं होतं.

निघताना व्यवहाराचं बोलणं झालं. माझं पाकीट त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यावर कमळाचं चित्र आणि 'शुद्धम्' हे माझ्या ब्रँडचं नाव. "तुम्ही म्हणाल तर तुमचं नाव आणि फोटो टाकते," मी म्हटलं.

"टाक. पन काठावर जे म्हनलं तेबी टाकजो. पानचट तं पानचट. नाही तं माल नाही देत."

"ताई, असं कुणी छापतं का?"

"माहं नाव टाकशील तं छापा लागन. बोडीचं नाव एकदा गेलं का मंग कोन घेते?"

परतीच्या बसमध्ये मी भिवापूरपर्यंत चिडलेली होते. उमरेडला बस थांबली, चहा घेतला, आणि मोबाइलवर सकाळचं चित्रीकरण पुन्हा पाहिलं. आजोबा सावकाश चावतायत. इतकं खरं मी माझ्या कुठल्याच जाहिरातीत पाहिलं नव्हतं.

मार्गशीर्षाच्या तोंडावर वाळलेल्या शिंगाड्यांचं पोतं एसटीने आलं. पीठ दळून आणलं आणि पाकिटावर चिठ्ठी चिकटवली: 'बोडी कौसल्याबाईंची. ही तोड पानचट आहे. थालीपिठाला चालेल, शिऱ्याला नको.' आजोबांचा व्हिडिओ ग्राहकांच्या ग्रुपवर टाकला आणि मोबाइल पालथा करून ठेवला. बघायची हिंमत नव्हती.

काही जणींनी ऑर्डर रद्द केली, ते लपवत नाही. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "तू हे खरंच छापलंस?"

"हो."

त्यांनी चिठ्ठी मलाच मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "थालीपिठापुरतं दे. आणि पुढचं कधी येणार?"

तुम्हीही काही विकत असाल तर शिंगाड्याच्या दिवसांत एकदा तिकडे जाऊन या. ट्रायपॉड नेलात तरी चालेल, पिवळी साडी नेऊ नका. मी आता दर नव्या पोत्याचं पहिलं पीठ विकत नाही. थालीपिठं लावते, आमच्या इमारतीत वाटते आणि लोक तोंडावर काय बोलतात ते ऐकून घेते. वॉचमनकाका फार निर्दय आहेत.

गेल्या आठवड्यात कौसल्याबाईंचा आवाजी निरोप आला. मागे पाण्याचा आणि माणसांचा आवाज, आणि त्यांचे दोनच शब्द: "गोड हाये." मी तो तसाच, एक अक्षरही न जोडता, ग्रुपवर टाकला.

काकूंचं उत्तर लगेच आलं. "कौसल्या म्हणते ना? मग पाच किलो, आणि भिशीचं वेगळं."

'शुद्धम्'चं नाव त्यांनी घेतलंच नाही. मला राग यायला हवा होता, पण मी पुढच्या पाकिटांवरून कमळ काढून टाकलं.