लॉकरवरची नावं

ॲरिझोनातल्या एका कॉलेजात मी बास्केटबॉल टीमचे कपडे धुतो. आठवीत शाळा सोडलेल्या मला हे काम तिथेच लॉकर-रूम सांभाळणाऱ्या काकांनी मिळवून दिलं. सीझन संपला, की दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांची यादी येते आणि काका लॉकरवरच्या पाट्या बदलतात. "नेमबाज तीन, उंच एकही नाही. टीम बॅलन्स नको का, बाबा?" असं पुटपुटत स्क्रू काढतात. नव्या खेळाडूला गाव विचारत नाहीत, फक्त बुटाचा नंबर विचारतात.

परवा त्यांनी एका खेळाडूची पाटी काढली, तेवढ्यात तोच हसत आत आला. टीममधून काढल्याचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. सैल झाली होती, असं सांगून काकांनी पाटी परत लावली आणि तो जाईपर्यंत लॉकर पुसत राहिले.

माझ्या कपाटावरचं नाव काकांनीच चिकटपट्टीवर लिहिलंय. हल्ली कामावर आलो, की आधी ते बघतो.