दीर्घिकेच्या मधलं धुकं

दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांची, वर्गवारी आकारावरून करतात, हे मला सांगलीतल्या एका विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात कळलं. शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, यांतून उरलेल्या वेळात एका तरुण संशोधक मुलीनं सांगितलं, की दुर्बिणींनी टिपलेल्या दीर्घिका इतक्या आहेत की शास्त्रज्ञ पुरत नाहीत. इंटरनेटवर कुणीही सामान्य माणूस हे काम करू शकतो. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. सामान्य माणूस म्हणून माझी पात्रता भरपूर होती.

काम सोपं आहे. पडद्यावर एका दीर्घिकेचं चित्र येतं. ती गुळगुळीत आहे की तिला हात आहेत? गुळगुळीत असली तर ती लंबवर्तुळाकार. मधल्या गोळ्यातून हात वळत बाहेर पडले असले तर सर्पिल. त्या गोळ्यातून आरपार एक उजळ पट्टा गेला असेल, तर तेही नोंदवायचं. कशातच बसत नाही ती अनियमित.

थोरला भाऊ फलटणजवळ आमच्या गावी असतो. फौजेतून परतल्यापासून ऊस आणि मोटरसायकल हे त्याचं जग. मी रोज संध्याकाळी एक चित्र त्याच्या मोबाईलवर पाठवायची आणि फोन लावायची. निकाल दादा द्यायचा, बटण मी दाबायची, आणि या दोहोंच्या मध्ये भांडण व्हायचं. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत नवे तारे फारसे जन्मत नाहीत हे कळल्यापासून तो त्यांना पेन्शनवाल्या म्हणायचा. अनियमित आली की म्हणायचा, हिला परेडला कुणी उभंच केलेलं नाही. सर्पिल आली की मात्र त्याचा आवाज बदलायचा. मग मी मुद्दाम म्हणायची, कुठले हात, मला तर गुळगुळीत दिसतेय.

एकदा मी त्याला सांगितलं, की लंबवर्तुळाकार त्या आधीच्या आणि सर्पिल त्या नंतरच्या, अशी नावं जुन्या काळी पडली. वयाशी त्यांचा संबंध नाही हे कळूनही नावं तशीच राहिली. दादाला नवल वाटलं नाही. गावात एकाला लोक अजून सरपंच म्हणतात, तो निवडणूक हरून जमाना झाला, म्हणाला.

गेल्या दिवाळीनंतर मी एक सुरेख सर्पिल दीर्घिका पाठवली. मधला पट्टा इतका ठळक, की आंधळ्यालाही दिसावा. हे शब्द मी फोनवर वापरलेसुद्धा. दादा म्हणाला, हात दोन, पट्टा नाही. मला वाटलं, मुद्दाम उलटं बोलतोय. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या चित्रात आपल्याच आकाशगंगेतला एक तारा नेमका दीर्घिकेच्या मधोमध आला होता, टाचणीच्या डोक्यासारखा लखलखीत. त्यानं हातांचं वर्णन केलं, ताऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

"दादा, मध्ये काय आहे?" मी विचारलं.

फोनवरचा ट्रॅक्टरचा आवाज मागे पडत गेला, तो चालत लांब आला असावा.

"मधी धुकं हाय गं तायडे," तो म्हणाला. "कडंचं समदं दिसतंय. मधलंच जातंय."

एक डोळा आधीपासूनच अधू होता, आता दुसराही. घरात कुणाला बोलला नव्हता. वहिनीला तर मुळीच सांगायचं नाही, म्हणाला. "ती पयली गाडी बंद करंल."

मी त्याला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. इंजेक्शनं देऊन उरलेली नजर टिकवता येईल, गेलेली परत येणार नाही. गाडी चालवायची नाही. दादानं त्यांना कडक सॅल्यूट ठोकला आणि घरी मोटरसायकलनंच गेला, एसटी स्टँडपासून गावापर्यंत.

डिसेंबरात मी गावी गेले. मोबाईलमधल्या लय बघितल्या, आता खरी एक दाखव, असं तो म्हणाला. जेवणाआधी आम्ही गच्चीवर गेलो. साखर कारखान्याचा उजेड एका बाजूला होता, डोक्यावर अंधार बरा होता. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी देवयानी दीर्घिका शोधायची युक्ती मला पाठ होती: तिच्याकडे सरळ पाहायचं नाही. अंधुक उजेडात डोळ्याचा मधला भाग कुचकामी असतो, म्हणून नजर जरा बाजूला ठेवायची. वर्गात मी हे कितीदा शिकवलंय. तरी माझी नजर पुन्हापुन्हा सरळच जात होती आणि तिथे काहीच नव्हतं.

"हाय की," दादा म्हणाला. "कापूस पिंजल्यागत."

बाजूनं बघायची त्याला आता सवयच झाली होती.

मग त्यानं आकार विचारला. सर्पिल आहे, मी म्हणाले, फोटोत हात स्पष्ट दिसतात. त्याला ते पटलं नाही. हितनं तर पेन्शनवालीच वाटते, म्हणाला. मी वाद घातला नाही, आणि घातला नाही हे दोघांच्याही लक्षात आलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्यानं माझं म्हणणं पुन्हा एकदा खोडून काढावं, नीट बघून, मधल्या पट्ट्यासकट, एवढंच मला हवं होतं.

खालून वहिनीनं जेवायला हाक मारली. दादा उठला नाही. खिशात हात घातला, काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली.

"तुज्या वयनीला दे. काय सांगायचं ते तूच सांग. माज्यानं न्हाई व्हायचं."

मोटरसायकलची किल्ली होती. त्याच्या अंगाची ऊब तिला अजून होती. वहिनीनं दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मी आलेच म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.